स्वस्तात मिळालेली महागडी मोटार आणि तिचा खर्च



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की आपल्या भागात मोटारीच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी या गोष्टी ट्रॅक्टरच्या असत, पुढे बुलेटच्या आणि जीपच्या आल्या. अलीकडे तरुण मंडळी मोबाईलवर एखादी काळीभोर, पाच मीटर लांबीची परदेशी बनावटीची मोटार दाखवतात आणि म्हणतात, "काका, नवी साठ लाखाच्या पुढची हाय, आपल्याला बारात मिळतीया. घेऊ का?" बारा लाखांत बाजारात नवी मध्यम गाडी येते, मग त्याच पैशात साहेबाची गाडी का घेऊ नये, असा त्यांचा सवाल. सवाल काही अगदीच चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर गेटवर उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले. प्रस्तुत लेखकाचे उभे आयुष्य वाहन विभागात, ट्रक-ट्रॅक्टरच्या खाली पाठ टेकून गेले आहे. या मोठ्या गाड्यांचीही गेल्या काही वर्षांत बरीच खोलाखोल बघायला मिळाली. त्यातून जे ध्यानात आले ते सांगतो.

मुळात एक गोष्ट पक्की धरावी. गाडी जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. बारा लाखांना घेतलेल्या गाडीचा कॉम्प्रेसर साठ लाखांच्या गाडीचाच असतो आणि दुकानदार त्याचे तसेच पैसे घेतो. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा निम्म्यावर येत नाही.

हिशोबाची सोय म्हणून आपण रुपयांबरोबर टनाचाही आकडा धरू, म्हणजे खर्च चटकन डोळ्यापुढे येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. उतारा जास्त असला की दर वाढतो, आणि तोडणी-वाहतूक वजा होते. या लेखापुरते टनामागे हातात ३,००० रुपये पडतात असे समजू. दुरुस्तीचे जे आकडे पुढे येतील ते ढोबळ आहेत. अधिकृत वर्कशॉप, बाहेरचे चांगले गॅरेज आणि जुना माल विकणारा यांत दुपटी-तिपटीचा फरक पडतो.

उदाहरण म्हणून ऑडी क्यू सेव्हन ही गाडी घेऊ. पहिल्या पिढीची क्यू सेव्हन २००५ साली जगापुढे आली आणि २०१५ पर्यंत बनत राहिली. मूळ कारखाना स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा गावी. पुढे काही काळ तिची जोडणी आपल्याकडे औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथेही झाली. फोक्सवॅगन तुआरेग आणि पोर्शे कायेन या दोन गाड्या हिच्याच कुळातल्या. वजन सव्वादोन टनांच्या पुढे, तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, चारही चाकांना ओढ. हीच का निवडली, तर आपल्या बाजारात जुन्या मोठ्या गाड्यांत ही बरीच दिसते. ती वाईट गाडी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. उलट, नीट राखलेली मिळाली तर दोन-अडीच लाख किलोमीटर सहज जाणारे यंत्र आहे. आणि पुढे जे सांगतो त्यातले बहुतेक याच वर्गातल्या इतर जर्मन आणि इंग्लिश गाड्यांनाही लागू पडते.

पहिला विषय हवेच्या बैठकीचा, म्हणजे एअर सस्पेन्शनचा. आपल्या ट्रॉलीला पाटे असतात, जीपला पाटे किंवा स्प्रिंग असते. या गाड्यांपैकी पुष्कळांना पोलादी स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे असतात. (सगळ्यांना नसतात, काही क्यू सेव्हन साध्या स्प्रिंगच्याही आहेत. घेताना हे आधी विचारावे.) एक छोटा विजेचा कॉम्प्रेसर हवा भरतो, मधला वाल्व्ह ब्लॉक ती हवा चार चाकांना वाटून देतो, आणि गाडी किती उंच उभी आहे हे प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर कळवत असतो. चालवायला म्हणाल तर नावेत बसल्यासारखे वाटते. पण रबर ते रबर. आठ-दहा वर्षांत उन्हाने, चिखलाने आणि खड्ड्यांनी त्याच्या घडीवर बारीक चिरा पडतात. हंगामात आपल्या रस्त्यांची काय अवस्था होते ते सांगायला नको.

फुग्याला बारीक भोक पडले की गाडी लगेच बसत नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी एका कोपऱ्यात चार बोटे खाली आलेली दिसते, चालू केली की पुन्हा वर येते. मालकाला वाटते, आली की वर, चाललंय की. इथेच खरी चूक होते. गळणारी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो. तो काही मिनिटे चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे, मोटेसारखा दिवसभर चालायला नव्हे. काही महिन्यांत तो तापून जळतो. त्याच्यातली ओल शोषणारी पुडी निकामी झालेली असली तर ओलसर हवा वाल्व्ह ब्लॉकमध्ये जाते आणि तोही बिघडतो. एका फुग्याचे दुखणे अशा रीतीने तीन भागांवर जाते. मूळ कंपनीचा एक पुढचा फुगा शॉकॲब्सॉर्बरसकट लाखाच्या आसपास किंवा वर, बाहेरच्या बनावटीचा त्याच्या निम्म्यात. कॉम्प्रेसरचेही तसेच. म्हणजे वेळेवर केले तर पंधरा-वीस टनांत भागते, उशीर केला तर सत्तर टन.

हा सत्तर टनांचा आकडा हवेतला नाही. आमचे एक सभासद आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी अशीच एक परदेशी गाडी अकरा लाखांना घेतली. गाडीचे नाव सांगण्याचे कारण नाही, वर सांगितलेल्या बनावटीची ती नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात गाडी सकाळी एका अंगावर झुकू लागली. गावातल्या मिस्त्रीने प्रामाणिकपणे सांगितले, "आबा, हवा गळतीया. शहराला न्यावी लागंल, हितं जमणार न्हाई." पण त्याच वेळी लागणीची घाई, खताची पोती आणायची, मुलीच्या कॉलेजची फी. आबा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळीच्या आधीच, लग्नाला निघाले असताना, गाडी हायवेवर चारही चाकांवर बसली ती उठलीच नाही. टोइंगचे १४,००० झाले. फुगा ६५,०००, कॉम्प्रेसर ९५,०००, वाल्व्ह ब्लॉक २५,०००, मजुरी १६,०००. एकूण दोन लाख पंधरा हजार. शिवाय माल येईपर्यंत गाडी तीन आठवडे गॅरेजात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुगा बदलला असता तर सगळे मिळून ऐंशी हजारांच्या आत आटोपले असते, आणि हे आबांनाही आज मान्य आहे. त्या वर्षी त्यांच्या खोडव्याला वेळेवर खताचा डोस बसला नाही, त्याचा हिशोब या बिलात धरलेला नाही.

जाता-जाता एक सूचना. हवेच्या बैठकीच्या गाडीला पंक्चर काढताना जॅक लावण्यापूर्वी आतल्या बटणाने किंवा पडद्यावरून जॅकची स्थिती निवडावी लागते. नाहीतर गाडीला वाटते आपण वाकडे उभे आहोत, आणि ती जॅकवर असतानाच हवा सोडायला-भरायला लागते. खाली माणूस असेल तर जिवावरचे काम.

दुसरा मोठा विषय टायमिंग चेनचा. ट्रॅक्टरच्या इंजिनात टायमिंगचे गिअर पुढच्या तोंडाला असतात, कव्हर काढले की हाती लागतात. या तीन लिटर डिझेल इंजिनात टायमिंगच्या चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला आहेत. रचनेच्या दृष्टीने इंजिन आखूड झाले, पण दुरुस्तीच्या दृष्टीने मिस्त्रीच्या डोक्याला ताप झाला. सगळ्या चेन आणि त्यांच्या पट्ट्या बदलायच्या तर गिअरबॉक्स सोडवावा लागतो, किंवा इंजिनच बाहेर घ्यावे लागते. चेनची किंमत त्या मानाने बेताची असते, पैसा जातो तो मजुरीत.

चेन ताणून धरणारे टेन्शनर ऑईलच्या दाबावर काम करतात, आणि चेन ज्या पट्ट्यांवरून घसरत जाते त्या पट्ट्या प्लास्टिकच्या असतात. आधीच्या मालकाने ऑईल बदलायला आळस केला, हलके ऑईल घातले, की हे भाग आधी झिजतात. खूण अगदी सोपी आहे. रात्रभर थंड झालेले इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू केले की दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट येतो आणि ऑईलचा दाब आला की थांबतो. इंजिन गरम असताना हा आवाज येत नाही. म्हणूनच विकणारा बहुधा तुम्ही पोहोचायच्या आधी गाडी चालू करून ठेवतो. "येईपर्यंत एसी लावून ठेवलाय साहेब," असे म्हणतो. गाडी बघायला गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर चहा घेऊन परत यावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. हे काम करायचे म्हटले तर दोन ते चार लाखांचे. चार लाख म्हणजे सव्वाशे टनांच्या वर ऊस. काम टाळले आणि चेनने दाते सोडले तर वाल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग सबंध इंजिनचेच काम निघते. घेतल्यावर मालकाच्या हातात एकच उपाय असतो, तो म्हणजे कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच ऑईल घालावे आणि मुदतीचा आकडा काही असो, आठ-दहा हजार किलोमीटरला बदलून टाकावे.

आता धुराच्या नळीकडे वळू. बी.एस. फोर काळातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटे सलग, चांगल्या वेगात आणि गरम चालावी लागते. ज्याची गाडी घर ते फड, फड ते कारखाना आणि परत अशीच फिरते, त्याची ही जाळी भरत जाते. गाडी ती जाळण्याचा प्रयत्न करते, जादा डिझेल सोडते, पण दहा मिनिटांत आपण गाडी बंद करतो आणि ते डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. नवी जाळी लाखांच्या घरात जाते. त्यावर फुकटचा उपाय आहे. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढून अर्धा तास सरळ चालवावी. जाळी काढून टाकून आत पोकळ पाईप बसवून देणारे गॅरेजवाले भेटतात. ते बेकायदेशीर आहे.

काजळीचाच दुसरा त्रास म्हणजे हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या झडपा चिकटणे. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, ओढ कमी होते. नोजलचे दुखणेही साधारण याच लक्षणांनी सुरू होते, पण या इंजिनाचे एक नवे नोजल तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते आणि अशी सहा आहेत. तेव्हा दिवा लागला म्हणून अंदाजाने भाग बदलत सुटू नये. चांगला स्कॅनर असलेल्या माणसाकडून आधी कोड वाचून घ्यावा.

मधल्या प्रॉपेलर शाफ्टचे बेअरिंग हे या कुळातल्या तिन्ही गाड्यांचे ठरलेले दुखणे. बेअरिंगला धरून ठेवणारे रबर फाटते आणि चाळीस-पन्नासच्या वेगात बुडाखाली कोणी हातोडा मारल्यासारखे धडधडते. आवाज इतका भयंकर असतो की माणसाला गिअरबॉक्स गेल्यासारखा वाटतो, आणि काही ठिकाणी गिरवून तसे सांगतातही. पुष्कळदा पूर्ण शाफ्ट बदला म्हणतात, त्याला लाखावर लागतात. नुसते बेअरिंग आणि रबर बदलून मिळते, ते काम त्याच्या एका छोट्या हिश्श्यात होते. हे एवढे वाक्य वाचून एखाद्या सभासदाचे ऐंशी हजार वाचले तरी हा लेख कामी आला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. याचे ऑईल आयुष्यभर बदलायचे नाही असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेड.एफ. या जर्मन कंपनीचे स्वतःच्या गिअरबॉक्सबद्दलचे म्हणणे मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑईल बदलावे असे आहे. क्यू सेव्हनचा गिअरबॉक्स वेगळ्या कंपनीचा, पण न्याय तोच. ऑईल बदलायला काही हजार लागतात, गिअरबॉक्सला काही लाख.

विजेच्या कामाला अंत नाही, तेव्हा दोनच गोष्टी सांगतो. छतावर काच असलेल्या गाडीत पावसाचे पाणी खाली जायला कोपऱ्यांतून बारीक नळ्या असतात. पाचटाच्या कुसाने आणि धुळीने त्या तुंबतात, मग पाणी आत झिरपून गालिच्याखाली साठते. या गाडीची बॅटरी पुढच्या सीटखाली आहे आणि वायरिंगचे जोडही खालून जातात. गालिचाला कुबट वास आला तर गाडी स्वस्त असली तरी सोडून द्यावी. दुसरे म्हणजे उंदीर. उसाच्या फडालगत शेड असेल तर तोडणी झाल्यावर तिथले उंदीर निवारा शोधत येतात, आणि बॉनेटखालची ऊब व वायरीचे वेष्टण दोन्ही त्यांना आवडते. ट्रॅक्टरची वायर कुरतडली तर आपण टेप गुंडाळून चालवतो. इथे एक वायर तुटली की दहा दिवे लागतात.

टायरचे विसरू नये. वीस इंची टायर एकेकी पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातात. चारही चाकांना ओढ असल्याने एक नवा, तीन गुळगुळीत असे चालत नाही. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१४१९' म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच धरावेत आणि तेवढे पैसे सौद्यातून वळते करावेत.

मग घ्यावी की न घ्यावी? माझे मत विचाराल तर, गाडीच्या किमतीवर आणखी तीन-चार लाख बाजूला ठेवण्याची ज्याची तयारी आहे, तेही लागणीचे, पाईपलाईनचे किंवा सोसायटीच्या कर्जाचे नव्हेत, त्याने खुशाल घ्यावी. पैशाची ओढाताण करून घेणाऱ्याने घेऊ नये. विमा आहे की, असे काही जण म्हणतात. विमा अपघाताला असतो, झिजेला नसतो, आणि इतक्या जुन्या गाडीला पूर्ण भरपाईचा विमा सहसा कोणी देत नाही.

बघायला जाताना मोजण्याची टेप बरोबर न्यावी. चारही चाकांच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत माप घ्यावे, गाडी बंद करून तासाभराने पुन्हा घ्यावे. चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये जुन्या कामाची नोंद निघते का ते बघावे, किलोमीटर मागे फिरवलेले असतील तर बहुधा तिथेच कळते. ओळखीचा मिस्त्री आणि स्कॅनर यांच्यावर पाच-सात हजार खर्च करायला कचरू नये.

शेवटी कागदपत्रांविषयी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात सवलत दिली, तरी तिकडचा माल येत राहतो. अशा गाडीला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो मूळ किमतीवरून, वयाप्रमाणे सूट देऊन काढतात, म्हणून आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आयात केलेल्या गाडीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० केले गेले. तेव्हा आरसी बुकावर गाडी आयात केलेली आहे की देशात जोडलेली, आणि मुदत कधी संपते, हे दोन्ही आपल्या डोळ्यांनी वाचावे. आधीच्या मालकाचे बँकेचे कर्ज फिटल्याचा दाखला आणि ना-हरकत दाखला हातात पडल्याशिवाय विसार देऊ नये.